पट्टा करवतीचे पाते : खोक्याच्या पाइनपासून बांबूच्या धनुष्यापर्यंत

पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात पट्टा करवत, म्हणजे बँडसॉ, हे प्रामुख्याने लोखंड कापण्याचे यंत्र मानले जाते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर येथे टेल्को, बजाज यांसारखे वाहन-कारखाने वाढत गेले, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत पोलादी बार तुकड्यांत कापण्यासाठी आडव्या पट्टा करवती बसल्या. त्यामुळे स्थानिक बाजारात सर्वांत सहज मिळणारे पाते २७ किंवा ३४ मिलिमीटर रुंद, ०.९ ते १.१ मिलिमीटर जाड आणि धातूसाठी घडवलेले असते. सुतार, ओतकामाचे लाकडी पॅटर्न करणारा कारागीर किंवा धनुष्य घडवू पाहणारा हौशी तरुण दुकानात गेला, तर बहुधा तेच त्याच्या हाती पडते. याच पट्ट्यात लाकूडही विपुल आहे, पण ते मुख्यतः यंत्रे आणि वाहनांचे भाग पाठवण्याच्या खोक्यांचे व पॅलेटचे आहे. पाते लोखंडाचे आणि लाकूड खोक्याचे, अशा बाजारात योग्य पाते निवडायचे असेल तर विचाराची सुरुवात दुकानातल्या मालापासून करून चालत नाही. लाकूड किती जाड आहे, त्यात वळण किती घ्यायचे आहे, ते ओले आहे की वाळलेले, त्यात काय दडले आहे आणि यंत्राच्या चाकाचा व्यास किती, या प्रश्नांची उत्तरे आधी हवीत.

पट्टा करवतीची कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली आणि तिला १८०९ मध्ये पेटंट मिळाले, तरी पुढची सुमारे चार दशके ती व्यवहारात उतरू शकली नाही. दोन चाकांवर सतत वाकत आणि सरळ होत राहणारी पोलादी पट्टी सांध्यावर तुटत असे. १८४६ मध्ये पॅरिसच्या ॲन पॉलिन क्रेपँ या स्त्रीने पट्टीची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची रीत शोधली, तिचे हक्क पॅरिसच्याच पेरँ कंपनीने घेतले, आणि सुधारलेल्या पोलादाची जोड मिळाल्यावर हे यंत्र वखारींत व सुतारशाळांत पोहोचले. म्हणजे या यंत्राचा इतिहास हा मुळात पात्याचा इतिहास आहे, आणि आजही यंत्राच्या किमतीपेक्षा पात्याची जाण कापाचा दर्जा अधिक ठरवते.

पात्याचे वर्णन पाच गोष्टींनी होते : लांबी, रुंदी, जाडी, दर इंचाला दातांची संख्या आणि दातांचा घाट. यांपैकी लांबी यंत्रच ठरवते. दोन्ही चाके सारख्या व्यासाची असतील, तर चाकांच्या केंद्रांमधले अंतर दुप्पट करून त्यात चाकाच्या परिघाची भर घातली की लांबी मिळते. ३५५ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच व्यासाच्या चाकांची केंद्रे ७७५ मिलिमीटर अंतरावर असतील तर ती सुमारे २,६६५ मिलिमीटर येते. हे माप घेताना वरचे चाक सरकवणारा ताणाचा स्क्रू मधल्या स्थितीत ठेवावा, म्हणजे सांधा करताना पाते थोडे लहान-मोठे झाले तरी बसते. उरलेल्या चार गोष्टी मात्र कारागिराने ठरवायच्या असतात.

धातूचे पाते लाकडाच्या लहान यंत्रावर का चालत नाही, याचे उत्तर जाडीत आहे. पट्टी चाकावर वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या पृष्ठावर ताण येतो, आणि तो पट्टीच्या जाडीला चाकाच्या व्यासाने भागून पोलादाच्या स्थितिस्थापकतेच्या गुणांकाने, म्हणजे सुमारे दोन लाख मेगापास्कलने, गुणले असता मिळतो. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन बल. ०.५ मिलिमीटर जाडीची पट्टी १४ इंची चाकावर वाकली तर हा ताण सुमारे २८० मेगापास्कल होतो, आणि ०.९ मिलिमीटरची पट्टी त्याच चाकावर चढवली तर तो ५०० च्या पुढे जातो. पाते घट्ट ताणण्यासाठी दिलेला शंभर ते दोनशे मेगापास्कलचा ताण त्यावर आणखी वेगळा. धातूच्या यंत्राला हे काही प्रमाणात खपते, कारण तेथे पात्याचा वेग मिनिटाला जेमतेम ३० ते ६० मीटर असतो : साडेतीन मीटर लांबीचे पाते ४० मीटर वेगाने फिरले तर त्याचा प्रत्येक बिंदू तासाला सुमारे १,४०० वेळा वाकतो. लाकडाच्या यंत्राचा वेग मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास असतो, आणि वर मोजलेले २,६६५ मिलिमीटरचे पाते त्या वेगाने तासाला चाळीस हजारांहून अधिक वेळा वाकते. इतक्या आवर्तनांत जाड पट्टीच्या दातांच्या बुडाशी बारीक चिरा पडतात, त्या वाढत जातात आणि पाते अचानक तुटते. दोष पात्याच्या पोलादाचा नसतो. ते चुकीच्या चाकावर बसवलेले असते. १४ इंची यंत्राला ०.५ ते ०.६५ मिलिमीटर जाडीचेच पाते मागावे, आणि ०.९ चे पाते मोठ्या चाकांच्या यंत्रांसाठी सोडावे. वखारीत ३६ इंच व त्याहून मोठ्या चाकांवर चालणारी रुंद, मोठी पाती ही तर निराळीच जात आहे. ती पुन्हा पुन्हा धार लावून वापरली जातात आणि त्यांचे शास्त्र लहान यंत्राला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

रुंदीचा संबंध वळणाशी आहे. पाते जितके रुंद, तितके ते सरळ चालते आणि तितकेच वळायला नाखूश असते, कारण वळताना त्याची पाठ मागच्या खाचेच्या भिंतीला टेकते. महाराष्ट्रातील सुतार इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत या मापाने विचार करतात, आणि पात्यांच्या रुंदीला हे माप नेमके लागू पडते. एक सूत रुंदीचे पाते सुमारे ५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, दोन सुताचे १६, तीन सुताचे ३७, चार सुताचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे, सुमारे ६४ आणि सहा सुताचे १३८ मिलिमीटर. हे आकडे दातांच्या फाकेनुसार थोडे मागेपुढे होतात, परंतु निवडीसाठी पुरेसे आहेत. याचा उपयोग असा की कामातले सर्वांत आवळ वळण आधी मोजावे आणि ते घेऊ शकणाऱ्या पात्यांपैकी सर्वांत रुंद पाते निवडावे. त्याहून अरुंद पाते घेतले तर वळण जमते, पण सरळ भागात रेघ सांभाळणे कठीण जाते. रुंदीला वरची मर्यादाही आहे. १४ इंची यंत्राच्या माहितीपत्रकात पाऊण इंची पाते बसते असे लिहिलेले असले, तरी अशा यंत्राचा सांगाडा आणि स्प्रिंग त्या पात्याला पुरेसा ताण देऊ शकत नाहीत, आणि ढिले रुंद पाते जाड लाकडात पोटाशी फुगून कमान घेते. व्यवस्थित ताणलेले अर्ध्या इंचाचे पाते त्यापेक्षा सरळ कापते.

दातांच्या संख्येबाबत बहुतेक नवख्यांची समजूत उलटी असते : जास्त दात म्हणजे गुळगुळीत काप, आणि म्हणून जास्त दात चांगले. पातळ फळीसाठी हे खरेही आहे, पण जाड लाकडात प्रश्न भुशाचा असतो. दोन दातांमधली खाच ही भुसा साठवण्याची जागा आहे; दात लाकडातून बाहेर येईपर्यंत त्याने काढलेला सगळा भुसा त्याच्या खाचेतच राहिला पाहिजे, आणि भरीव लाकडाचा मोकळा भुसा तिपटीहून अधिक जागा व्यापतो. १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच उंचीचे लाकूड मिनिटाला तीन मीटर या गतीने पुढे सरकवले, पात्याचा वेग ९०० मीटर ठेवला आणि पात्याला इंचाला तीन दात असले, तर मिनिटाला सुमारे १ लाख ६ हजार दात लाकडातून जातात आणि प्रत्येक दात ०.०२८ मिलिमीटर जाडीची कपची काढतो. सहा इंच उंचीत तिचे क्षेत्र सुमारे सव्वाचार चौरस मिलिमीटर होते, आणि भुसा फुगला तरी तीन दाती पात्याच्या खोल खाचेत तो मावतो. त्याच ठिकाणी इंचाला चौदा दातांचे पाते लावले तर प्रत्येक दात ०.००६ मिलिमीटरच खरवडतो. इतक्या पातळ कपचीत दात कापण्याऐवजी घासतो, तापतो, आणि जेमतेम चौरस मिलिमीटरभर जागेची त्याची खाच फुगलेल्या भुशाने अर्ध्या वाटेतच भरते; मग पाते बाजूला ढकलले जाते, काप वाकडा जातो आणि लाकडावर जळाल्याचे काळे डाग पडतात. म्हणून फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या काढायच्या असतील, ज्याला उभी चिरणी म्हणता येईल, तर इंचाला तीन दात. एक ते दोन इंच जाडीच्या सर्वसाधारण कामाला चार ते सहा. आणि अर्ध्या इंचाखालच्या पातळ लाकडाला किंवा प्लायला दहा ते चौदा. खालची मर्यादा एकच : कोणत्याही क्षणी किमान तीन दात लाकडात असावेत, नाहीतर पाते ठेचकाळत चालते. पातळ-जाड असे मिश्र काम असेल तर बदलत्या अंतराच्या दातांचे पाते, ज्यावर ४/६ अशी खूण असते, उपयोगी पडते, कारण एकसारख्या अंतरामुळे निर्माण होणारी थरथर त्यात मोडली जाते.

दातांच्या घाटाचे तीन प्रकार लाकडासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहेत. साध्या घाटात दाताची पुढची कड पात्याला काटकोनात असते आणि खाच लहान असते. काप स्वच्छ, पण सावकाश. सुट्या घाटात एकाआड एक दात वगळल्यासारखे अंतर असते, त्यामुळे राळ असलेल्या मऊ लाकडात खाच तुंबत नाही. आकड्याच्या घाटात दात सुमारे दहा अंश पुढे झुकलेला असतो, तो लाकूड स्वतःकडे ओढतो, आणि जाड व कठीण लाकडाच्या चिरणीत तोच सर्वांत कामाचा ठरतो. याशिवाय दात डावी-उजवीकडे फाकवलेले असतात, कारण पात्याच्या अंगापेक्षा खाच रुंद झाली नाही तर पाते लाकडात आवळले जाईल. ओल्या लाकडाचे तंतू कापल्यावर फुगून आत येतात, म्हणून त्याला जास्त फाक लागते. वाळलेल्याला कमी फाक पुरते आणि तिच्यामुळे लाकूडही वाचते.

दात कशाचे, हा प्रश्न खर्चाचा आहे तितकाच लाकडाचाही आहे. कार्बन पोलादाचे पाते सर्वांत स्वस्त असते, त्याचे दात तेवढे कठीण केलेले असतात आणि पाठ लवचीक ठेवलेली असते. स्वच्छ, वाळलेल्या, मध्यम लाकडाला ते पूर्णपणे पुरते. बायमेटल पात्यात लवचीक पोलादाच्या पाठीला जलदगती पोलादाची कड जोडलेली असते, आणि यातील एम-४२ या प्रकारात सुमारे आठ टक्के कोबाल्ट असते. कार्बन पोलादाचे दात तापल्यावर लवकर नरम पडतात, तर जलदगती पोलाद सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत आपली कठीणता बऱ्याच अंशी टिकवते. कार्बाइडचे दात सर्वांत टिकाऊ, पण ठिसूळ. खिळा लागला तर दाताचा टवकाच उडतो आणि महागडे पाते एका क्षणात वाया जाते. लोखंडाच्या या पट्ट्याचा लाकूडकाम करणाऱ्याला होणारा मोठा फायदा येथे आहे : बायमेटल पात्याची ओळख, त्याची वेटोळी आणि ती हव्या त्या लांबीला जोडून देणारे कारागीर येथे आहेत. फक्त अरुंद व पातळ मापाचे आणि लाकडाला साजेल अशा दातांचे पाते आग्रहाने मागावे लागते.

आता लाकडाकडे वळावे. चाकण आणि भोसरीच्या आसपास सुतारकामासाठी फिरणारे बरेच लाकूड सुटलेल्या खोक्यांतून व पॅलेटमधून येते, आणि त्यातील मोठा भाग पाइनचा असतो. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडातून कीड पसरू नये म्हणून २००२ मध्ये आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम स्वीकारला गेला. त्यानुसार खोक्याच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा द्विअक्षरी संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराचा प्रकार यांचा ठसा असतो. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबीचा ठसा असलेले लाकूड घरगुती वस्तू, खेळणी किंवा स्वयंपाकघरातील सामान यांसाठी वापरू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पात्याच्या दृष्टीने मात्र एचटीचा ठसाच जास्त फसवतो. ५६ अंशांची अर्ध्या तासाची उष्णता कीड मारते, लाकूड वाळवत नाही. ठसा असलेली फळी आतून चांगलीच ओली असू शकते, आणि ती वाळलेली समजून कमी फाकेच्या बारीक दातांच्या पात्यावर घेतली तर पाते आवळते. पाइनची राळ दातांच्या बाजूंवर चिकटून फाक जणू बुजवते. मग पाते बोथट झाले असे वाटते, पण रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसून घेतल्यावर तेच पाते पुन्हा नीट कापू लागते.

खोक्याच्या लाकडातला खरा शत्रू खिळा आहे. हवेच्या बंदुकीने ठोकलेले खिळे पृष्ठाच्या आत बसतात, त्यांच्या अंगावर कड्या किंवा पीळ असतात, आणि पॅलेट फोडताना त्यांची डोकी तुटून दांडा आतच राहतो. चुंबक फिरवून त्यातील बरेच सापडतात, हातातला धातुशोधक अधिक खात्रीचा. तरीही खोक्याचे लाकूड कार्बाइडच्या पात्यावर कधीच चढवू नये. स्वस्त कार्बन पाते अशा लाकडासाठी वेगळे ठेवणे हाच शहाणपणाचा हिशेब आहे. सागाचा त्रास निराळा : त्याच्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, सूक्ष्म कण असतात आणि ते धार हळूहळू खातात. जुन्या वाड्यांचा साग किंवा बाभळीसारखे घट्ट लाकूड नियमित कापणाऱ्याने बायमेटलचा वाढीव खर्च करावा, तो भरून निघतो.

धनुष्य घडवताना या सगळ्या जाणिवेची कसोटी लागते. महाराष्ट्रात तीरकामठ्याची परंपरा नंदुरबार-धुळ्याच्या भिल्लांत, गडचिरोलीच्या माडियांत आणि सह्याद्रीच्या कातकऱ्यांत जुनी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, पण धनुष्य क्रीडेत टिकून राहिले, आणि आपल्याकडील इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात आजही बांबूचे साधे धनुष्य वापरले जाते. सह्याद्रीच्या पानझडी जंगलातील धामण हे झाड लवचीकपणासाठी प्रसिद्ध असून त्याचे लाकूड धनुष्यांसाठी आणि अवजारांच्या दांड्यांसाठी वापरले जात आले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबू भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेल्यामुळे बांबू मिळवणे सोपे झाले. इतर लाकूड अधिकृत वखारीतूनच घ्यावे.

धनुष्याच्या भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १२ मिलिमीटर जाडीच्या भुजेत एखाद्या जागी अर्धा मिलिमीटर जास्त कापले गेले, तर त्या जागेचा ताठपणा सुमारे बारा टक्क्यांनी घटतो. धनुष्य ओढल्यावर भुजा तेथेच अधिक वाकते, आणि वारंवार तेथेच वाकत राहिल्याने शेवटी तेथेच मोडते. खडबडीत पात्याने सोडलेले ओरखडे अर्धा मिलिमीटर खोल सहज असतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पाते कितीही चांगले असले तरी काप आखलेल्या रेघेवर न घेता बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून घ्यावा आणि उरलेले कानस व खरवडणीने काढावे. दुसरी, अखंड लाकडाच्या धनुष्यात आखलेली रेघ महत्त्वाची नसून तंतूंची दिशा महत्त्वाची असते. धनुर्धराच्या विरुद्ध बाजूचे पृष्ठ, ज्याला धनुष्याची पाठ म्हणतात, ओढल्यावर ताणले जाते. तेथे करवतीने तंतू तोडले असतील तर त्या तुटलेल्या टोकांपासून कपची सुटू लागते. पट्टा करवत तंतूंची पर्वा न करता सरळ जाते, आणि हाच तिचा धोका आहे. बांबू कोयत्याने फोडणारे जुने कारागीर तंतूंनाच वाट दाखवू देत, आणि पाठीपुरती ती रीत आजही उत्तम आहे : बांबू फोडून घ्यावा, पाठीचा साल-भाग जवळजवळ न छेडता ठेवावा, कारण बांबूचे सर्वांत दाट आणि बळकट तंतू सालीलगतच असतात, आणि करवत फक्त पोटाच्या बाजूला व कडांना लावावी. आख्खा गोल बांबू तर यंत्राच्या टेबलावर मोकळा धरून कधीच कापू नये. पाते त्याला गरकन फिरवते आणि हात आत ओढला जातो. व्ही-आकाराच्या लाकडी ठोकळ्यात तो पक्का बसवूनच घ्यावा.

बांबूच्या सालीत सिलिका भरपूर असते. कार्बन पोलादाचे नवे पाते थोड्याच कापांत तेथे बोथट होते, म्हणून बांबूसाठी बायमेटल हाच किमान पर्याय. कडा कापण्यासाठी तीन किंवा चार सुताचे, इंचाला सहा ते दहा दातांचे पाते योग्य, कारण बांबूची भिंत पातळ असते आणि तीन दातांचा नियम येथे मोडता कामा नये.

थर चिकटवून केलेल्या धनुष्यात हिशेब बदलतो. त्यात दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या लागतात, आणि पट्टा करवतीचा खरा फायदा येथे दिसतो. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीतून तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या, प्रत्येकीवर घासण्यासाठी अर्धा मिलिमीटर जादा ठेवायचा, आणि पात्याची खाच १.२ मिलिमीटर आहे असे धरले, तर दहा पट्ट्या मिळतात, ३.२ मिलिमीटर खाचेच्या गोल करवतीवर त्याच फळीतून सातच मिळतात. या कामाला अर्ध्या इंचाचे, इंचाला तीन दातांचे, आकड्याच्या घाटाचे, कमी फाकेचे पाते घ्यावे. लाकडातील ओलावा आठ ते दहा टक्क्यांपर्यंत खाली आलेला असावा, नाहीतर चिकटवल्यानंतर पट्ट्या आकसतात आणि सांधा ताणला जातो. पाते नेहमीच कुंपणपट्टीला, म्हणजे फळी टेकवून सरकवण्याच्या आधारपट्टीला, अगदी समांतर चालते असे नाही. प्रत्येक पात्याचा थोडा कल असतो. म्हणून एका टाकाऊ फळीवर मोकळ्या हाताने रेघ धरून काप घ्यावा, मध्येच थांबून फळीची दिशा टेबलावर आखून ठेवावी आणि कुंपणपट्टी त्या रेघेला समांतर बसवावी. धनुष्याच्या मुठीची वळणे मात्र अर्ध्या इंचाच्या पात्याला जमत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागेसाठी दोन सुताचे, इंचाला सहा दातांचे पाते लागते. आधुनिक धनुष्यात काचतंतूंचे थर असतील तर ते कापण्यासाठी दातांऐवजी कार्बाइडची खर असलेले पाते वापरावे, आणि त्या धुळीपासून श्वसनमार्ग जपण्यासाठी चांगला मुखवटा लावल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये.

पाते जोडून घेताना सांधा नीट तपासावा. विद्युतप्रवाहाने दोन टोके वितळवून जोडल्यावर तो भाग ठिसूळ झालेला असतो. तो पुन्हा मंद लाल होईपर्यंत तापवून सावकाश थंड केला नाही, तर पाते पहिल्याच तासात तेथे तुटते. दोन्ही बाजूंचा फुगवटा घासून पात्याच्या जाडीइतका केलेला असावा, आणि पाठ एका रेषेत असावी. पाठीत पायरी राहिली तर मागचा बेअरिंग प्रत्येक फेरीला ठोका देतो. यंत्रावर बसवल्यावर पाते चाकाच्या मध्यावर चालते का हे आधी हाताने चाक फिरवून पाहावे, बाजूचे मार्गदर्शक ठोकळे कागदाच्या जाडीइतके दूर आणि दातांच्या मागे ठेवावेत, आणि वरचा मार्गदर्शक लाकडापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणावा. काम संपल्यावर ताण सैल करावा आणि पावसाळ्यात पात्यावर तेलाचा हात फिरवावा.

ज्याच्याकडे १४ इंची एकच यंत्र आहे आणि सुरुवातीला तीनच पाती घेणे परवडते, त्याने अर्ध्या इंचाचे तीन दाती बायमेटल चिरणीसाठी, तीन सुताचे सहा दाती बायमेटल बांबूसाठी व सर्वसाधारण कामासाठी, आणि दोन सुताचे सहा दाती कार्बन पाते वळणांसाठी घ्यावे, तिन्ही ०.६५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावीत, आणि दुकानदार २७ बाय ०.९ चे पाते कितीही कमी दराने देऊ लागला तरी ते घेऊ नये.